पद्मिनीने घेतलेला चार्ज

आमच्या हवाई दलात बदली झाली की जाणारा माणूस येणाऱ्याच्या गळ्यात बरंच काही बांधून जातो. पडदे, कुंड्या, दूधवाला, आणि "बाई चांगली आहे, फक्त सोमवारी दांडी मारते" ही माहिती. २००३ साली मी चंदीगडला आलो तेव्हा मला युनिटचा चार्ज मिळाला आणि माझ्या बायकोला, पद्मिनीला, छावणीतल्या विशेष मुलांच्या शाळेच्या सेक्रेटरीपदाचा. तिने तो मागितला नव्हता. नवऱ्याच्या खांद्यावर पट्ट्या किती, यावरून आमच्याकडे बायकांची कामं ठरतात. ही पद्धत मूर्खपणाची आहे असं माझं नोकरीत असतानाही मत होतं आणि निवृत्त झाल्यावरही आहे. फक्त त्या एका वेळी या पद्धतीने योग्य माणूस निवडला, हे मान्य करायला हवं.

चार्ज घेताना पद्मिनीने खुर्च्या मोजल्या, सतरंज्या मोजल्या, बाजाची पेटी वाजवून पाहिली. शेवटची वस्तू मोजता येईना, कारण ते एक वेब ॲप्लिकेशन होतं.

ते बनवलं होतं उल्काने. पुण्याची मुलगी, संगणकाची इंजिनियर, एका फ्लाइट लेफ्टनंटची बायको. पोरगी हुशार होती. तिच्या लक्षात आलं होतं की या शाळेच्या शिक्षिका म्हणजे आमच्याच लोकांच्या बायका, दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या. मूल मात्र तेच राहतं, आणि ज्याला बोलता येत नाही ते मूल नव्या बाईंना स्वतःबद्दल काय सांगणार? म्हणून शाळा सुटल्यावर शिक्षिकांनी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी हिंदीत लिहायच्या, अशी सोय तिने करून दिली. काय खाल्लं, कशाला घाबरलं, काय नवं जमलं. मग उल्काच्या नवऱ्याची अंदमानला बदली झाली. पुढे सेक्टर चौतीसमधल्या संगणकवाल्या कोहलीजींनी, ज्यांच्या मशीनवर हे सगळं ठेवलेलं होतं, ते मशीन बदललं आणि ॲप्लिकेशनने मान टाकली. पासवर्ड घातला की पांढरं पान यायचं, बस्स.

पद्मिनी साताऱ्याची, इतिहासाची बी. ए. संगणकावर तोवर तिने पत्त्यांचा डाव सोडून काही मांडलं नव्हतं. तिने तक्रार लिहून फायलीला लावली असती तर कुणी एका शब्दाने बोललं नसतं. पण तेवढ्यात हरप्रीत आली.

हरप्रीत एका सार्जंटची बायको. तिचा आठ वर्षांचा गुरनूर तीन वर्षं या शाळेत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. नवऱ्याची जोधपूरला बदली झाली होती, महिन्याभरात निघायचं होतं.

"मैडम जी, यहाँ आया था तो चार महीने स्कूल में पानी की बूँद नहीं पी इसने," ती आमच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच सांगू लागली. "फिर पता नहीं मैडम लोगों ने क्या किया, खाने-पीने लगा. घर का तो मैं बता दूँगी. स्कूल का मुझे क्या पता? वहाँ फिर से वही चार महीने?"

ज्यांना ठाऊक होतं त्या शिक्षिका बरेली, तांबरम, तेजपूर अशा देशभर पांगल्या होत्या.

"मिल जाएगा. पक्का," पद्मिनी म्हणाली.

हरप्रीत गेल्यावर मी विचारलं, "कशाच्या जोरावर सांगितलंस?"

"सांगितलं खरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

अंदमानला फोन लागायला दोन दिवस गेले. उल्का तिकडून ओरडून म्हणाली, "पद्मिनीताई, ॲप्लिकेशन बंद पडलं तरी आतला डेटा वेगळा असतो. कोहलींकडून फक्त तो मागून घ्या!" पद्मिनीने ते लगेच आपल्या भाषेत बसवून घेतलं: दार अडकलंय, धान्य कोठीतच आहे. संध्याकाळी ती कोहलीजींच्या दुकानात हजर. भल्या माणसाने सीडी करून दिली, पण देताना मान हलवली. "मैडम जी, नामों वाला टेबल तो गया. बाक़ी भी सब कचरा है."

घरच्या संगणकावर उघडलं तर खरोखर कचराच. इंग्रजी अक्षरांची खिचडी, मध्ये मध्ये स्वल्पविराम, कंस, काहीही. "सोड आता," मी म्हणालो. "कोहलींना कळत नाही ते तुला काय कळणार?" त्यावर ती माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. मी त्याच लायकीचं बोललो होतो.

ती रोज त्या कचऱ्यासमोर बसायची. मग एकदा जेवताना म्हणाली, "प्रत्येक नोंद व्ही, के, टी या तीन अक्षरांनी सुरू होते. कचरा असता तर रोज एकाच जागी एकसारखा कसा पडला असता?"

मी भाजी वाढून घेतली.

उत्तर तिच्या एका चुकीतून आलं. शाळेची एक हिंदी नोटीस छापायची राहिली होती. शाळेचा प्रिंटर बिघडलेला, म्हणून तिने ती फ्लॉपीवर घरी आणली. ती तशी आणून उपयोग नव्हता, पण हे तिला माहीत नव्हतं. आमच्या संगणकावर उघडली तर नोटिशीची जागा त्याच खिचडीने घेतलेली, आणि सुरुवातीला व्ही, के, टी! नोटीस तिला पाठ होती. "आज स्कूल की छुट्टी जल्दी होगी."

"आज!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या बाई कंपाउंडपाशी आल्या. "अहो, कचरा नाही हा! प्रत्येक बाईने 'आज'पासून लिहायला सुरुवात केलीय!"

त्या काळी हिंदी टाइप करायला खास फॉन्ट लागायचा. तो फॉन्ट असेल त्या संगणकावर हिंदी, नसेल तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. शाळेत तो होता, आमच्याकडे आणि कोहलींकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी पद्मिनीने सीडी शाळेत नेली, सगळा मजकूर निवडला आणि फॉन्ट बदलला. मी कामाचं निमित्त काढून गेलो होतो. पडदाभर हिंदी उमटली तेव्हा ती माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं होतं. तिने बघितलं नाही. ती वाचायला लागली होती.

नावं गेली होती, मुलांचे नुसते नंबर उरले होते. गुरनूर यातला कोण? पद्मिनीने सगळ्या मुलांच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. सतरा नंबरशी ती थांबली. *आज टिफ़िन का ढक्कन मैंने खोल दिया तो खाना नहीं छुआ. कल ख़ुद खोलने दूँगी.* तिने हरप्रीतला बोलावून हे वाचून दाखवलं. हरप्रीतने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "घर में भी ढक्कन को हाथ नहीं लगाने देता जी. यही है."

आणि पाण्याचंही सापडलं. *आज गिलास उसके पास रखकर मैं खिड़की की तरफ़ मुँह करके खड़ी हो गई. पी लिया.* कुणी बघत असलं की तो पीत नसे, एवढंच. हे एवढंसं कळायला कुणा बाईला चार महिने लागले होते.

पद्मिनीने सतरा नंबरच्या नोंदी निवडून, लावून, छापून हरप्रीतच्या हातात दिल्या. मग बाकीच्या मुलांच्याही, कारण बदली कुणाची चुकली आहे? मी नोकरीत पदकं मिळवलेले पुष्कळ लोक पाहिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण छाती फुगावी असा अभिमान मला त्या महिन्यात माझ्या बायकोचा वाटला, आणि तो मी तिला बोलूनही दाखवला. ती म्हणाली, "आता कागद संपलेत, तेवढे आणा."

जोधपूरच्या शाळेतून फोन आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. हरप्रीत रडत होती की हसत होती, समजेना. "मैडम जी, पहले दिन ही पानी पी लिया! टिफ़िन ख़ाली लाया है!" मग तिने फोन तिकडच्या शिक्षिकेला दिला. आवाज मोठा होता, मला समोर बसून ऐकू येत होता. ती बाई आभार मानून म्हणाली, "मैडम, आप बच्चे को इतना अच्छे से जानती हैं. आपके पास कब से था?"

पद्मिनीने त्याला एक दिवसही शिकवलं नव्हतं. आम्हाला चंदीगडला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

"जी," ती म्हणाली, "तीन साल से."