धुरीकाकांनी पास केलेला चाकू

मालाडला आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर काशीराम धुरी राहतात. कांदिवलीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं ते माल तपासून पास-नापास करत होते. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही. दुधाची पिशवी उजेडाला धरून बघतात. लिफ्ट दुरुस्त करून निघालेल्या माणसाला जिन्यावर गाठतात, "दुरुस्त केलंस म्हणजे नेमका काय केलंस?" लग्नपत्रिका आली तरी आधी उलटी करून मागे बघतात.

अशा माणसाकडे चाकूवाले नाही येणार तर कुठे जाणार?

चाकू म्हणजे भाजीचे नव्हेत. घडीचे, खिशात मावणारे, टायटॅनियमच्या मुठीचे. एकेकाची किंमत चांगल्या फ्रिजएवढी. ते जमवणारे हौशी लोक अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत पसरलेत, आणि माल नवा असो की सेकंडहँड, घेण्याआधी काकांची पायरी चढतात. प्रश्न एकच, लॉक नीट बसतं का? पातं उघडलं की मुठीतली स्प्रिंगची पट्टी सरकते आणि पात्याच्या टाचेमागे, म्हणजे मुठीकडच्या टोकामागे, येऊन उभी राहते. तिच्यामुळे चाकू बोटांवर मिटत नाही. पट्टी टाचेच्या कडेला जेमतेम टेकली, तर घसरणार. पार पलीकडे गेली, तर झिजलेली. टाचेच्या निम्म्याच्या जरा अलीकडे थांबली, तर काका भिंग खाली ठेवून म्हणणार, "पास."

पण त्याआधी चौकशी, तीही मालवणीत.

"हो चाकू कोणी खोलल्यान?"

"कोणीच नाही काका. सीलपॅक आहे."

"सील कोणी लावल्यान?"

मग अंगठ्याचा झटका. टळाक्! टळाक्! टळाक्! तीन वेळा, पूर्ण जोरात, आणि मगच भिंग. या आवाजावर खालच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा आता भुंकत नाही.

गेल्या रविवारी सकाळी सुयोग आला. हा गोरेगावचा, कॉम्प्युटरवाला. डाव्या हाताच्या दोन बोटांना हे जाड बँडेज. त्याने चाकू टेबलावर ठेवला.

"काका, हा तुम्ही पास केलेला. मिटला माझ्या हातावर. चार टाके."

काका चाकूकडे बघेनात, सुयोगकडे बघत राहिले.

"मी पास केलेलो?"

"मागच्या महिन्यात. याच खुर्चीत बसून."

"खुर्ची तीच आसा. चाकू तोच कशावरून?"

आतून सुगंधाकाकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोराची बोटा बघा आधी!"

"बोटा डॉक्टरान बघितली. चाकू कोणी बघितलो नाय." काकांनी स्क्रूंवर भिंग धरलं. "स्क्रू कोणी फिरवल्यान?"

"कोणी नाही."

"बायको?"

"गार्गी? काका, घरात चाकू आहे हेच तिला माहीत नाही."

"मग टाके पडले तेव्हा तिका काय सांगितलंस?"

सुयोग खाली बघायला लागला. "पपई कापताना लागलं म्हणून."

"घरात पपई होती?"

"नव्हती."

"बग!" काकांनी टेबलावर थाप मारली. "जो बायकोक नसलेली पपई सांगता, तो माका काय काय सांगात!"

"अहो काका, मी माझीच बोटं कापून घेऊ का? कशाला?"

"ताच शोधतंय."

टळाक्! टळाक्! टळाक्! पट्टी निम्म्याच्या जरा अलीकडे, जिथे हवी तिथेच. काकांनी पात्याची पाठ लाकडी पाटावर दाबली. आणखी जोर लावला. चाकू हलला नाही. सरळ आहे, काही तरी लपवतोय हा. स्क्रू सैल केले असणार, तेल भलतंच घातलं असणार, नाहीतर याने कुणाला तरी वापरायला दिला असणार. काकांनी हे तिन्ही आरोप एका दमात केले. सुयोगने तिन्हींना नाही म्हटलं. काकांना त्या तिन्ही 'नाही'मध्ये तीन वेगळे सूर ऐकू आले.

म्हणजे प्रकरण इथवर आलं होतं: एक तर हा पोरगा खोटारडा, नाहीतर काशीराम धुरींचा 'पास' खोटा. आणि दुसरी गोष्ट त्या घरात आजवर कोणी मोठ्याने बोललेलं नव्हतं.

सुगंधाकाकू चहा घेऊन बाहेर आल्या. "चाकू त्याचो, बोटा त्याची, आणि उघडतास सारखे तुम्ही. त्याका उघडूक सांगा की!"

काकांनी चाकू पुढे सरकवला. "घरात उघडतंस तसोच उघड. माका बघून फरक करू नको."

सुयोगने आधी दाराकडे बघितलं. मग पाठ फिरवली, खिडकीकडे तोंड केलं, चाकू शर्टाच्या टोकाखाली घेतला आणि पातं हळूहळू, जणू झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं, उघडलं.

"आवाज खंय?" काकांनी विचारलं.

"आवाज कसा करणार काका? वन आरके आहे आमचं, एकच खोली. बाथरूममध्ये कंगवा पडला तरी गार्गी बाहेरून विचारते, काय तोडलंस?"

"मिटू नको! हड हय, तसोच." काकांनी हात पुढे केला.

भिंगाखाली पट्टी टाचेच्या अगदी कडेवर उभी होती, नखाच्या कोरेएवढी. काकांनी पात्याची पाठ पाटाला नुसती टेकवली. चाकू सपकन मिटला.



मग काकांनी स्वतः हळू उघडून बघितलं. जमेना. अंगठा आपला झटका द्यायचाच. चौथ्या खेपेला जमलं, आणि चाकू पुन्हा मिटला. कारखान्यात शिकवण होती, यंत्र पूर्ण जोरात चालवा आणि मग माप घ्या. झटक्याने उघडलं की पट्टी धक्क्यासरशी आत जाऊन बसते. हळू उघडलं की कडेवरच राहते. सात वर्षांत काकांनी एकही चाकू हळू उघडून बघितला नव्हता.

"म्हणजे चाकूच खराब ना काका?"

"चाकू अर्धो खराब. बाकीचो अर्धो मी." आणि मग, चहाच्या कपाकडे बघत, "माझा चुकला रे."

सुगंधाकाकूंनी ट्रे तसाच हातात धरला. असं वाक्य आलं तर पुढे काय करायचं असतं, हे त्यांनाही माहीत नसावं.

"आणि तो मनोरीचो कृणाल?" शेवटी त्यांनीच विचारलं. "असलोच चाकू नेल्यान ना त्याणी? बोटीर दोर कापता तो."

काकांनी फोन लावला. स्पीकरवर.

"कृणाल, तो चाकू उघडू नको. परत बघूक होयो."

"का? तुम्हीच पास केलात ना?"

"केलंय. पण बराबर बघितलंय नाय."

मग कृणालचा आवाज बारीक झाला. "काका, खरं सांगा. कोणी गिऱ्हाईक भेटलाय ना तुम्हाला? जास्त देतोय ना? म्हणून माझ्याकडून काढून घ्यायचा, हा खराब हाय, तो खराब हाय करून. वळखतो मी ही लाइन."

सुयोगला हसू फुटलं. काकांनी त्याला हाताने गप्प केलं. पण चिडले नाहीत. उलट मान डोलावली.

"तुझो संशय बराबर आसा. चाकू माका देऊच नको. मी मार्वेच्या जेट्टीर येतंय, तू पलीकडसून बोट घेवन ये. चाकू तुझ्याच हातात ठेव, तूच उघड, हळू. मी लांबून बघतंय. हात लावचंय नाय."

"हात का नाय लावणार?"

"माझ्या हाताक सगळीच लॉका बरी लागतत."