परत न पाठवलेली डबी

भंडारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं थुंकी तपासतो. बेडक्याऐवजी कुणी लाळ आणून दिली की माझं डोकं फिरतं. "हे पाणी कायले आणलं? छातीतून खोकलून आणा," म्हणत डबी परत पाठवतो. कुणाची भीड ठेवत नाही.

क्षयाचा जंतू तसा साधा जीव. एकच पेशी, आत केंद्रकसुद्धा नाही. सगळी ताकद भिंतीत, आणि ती भिंत मेणचट. काचपट्टीवर लाल रंग ओतून खालून ज्योत दाखवली की रंग आत शिरतो, मग ॲसिड ओतलं तरी उतरत नाही. बाकी सगळं धुऊन निघतं, हा बारीक लाल काडीसारखा उरतो. वाढतोही सावकाश. कितीतरी जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, याला जवळजवळ दिवस लागतो. म्हणून गोळ्याही महिनोन् महिने.

धाकट्या बहिणीला लग्नाच्या तोंडावर खोकला लागला. मुलगा लाखांदूरकडचा, हळद बारा दिवसांवर. मीच तिला डबी दिली. घर आणि परसही पाहुण्यांनी भरलेलं. तिने परसात जाऊन डबी भरून आणली. झाकण उघडलं तर नुसती फेसाळ लाळ.

"बेडका नाही आला काय वं?"

"नाही ना भाऊ. पाहुण्यायसमोर कसी खाकरू?"

परक्याची असती तर डबी तिथल्या तिथे परत दिली असती. हिची ठेवून घेतली. काचेवर लाल काही दिसलं नाही. दिसणार कसं? मला ते ठाऊक होतं. तरी आईला सांगितलं, "काही नाही, साधा खोकला." दुसरी डबी मागितलीच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला लग्न हवं होतं, खरं उत्तर नको होतं.

लग्न झालं. काही महिन्यांनी, धान कापणीच्या दिवसांत, सासरहून फोन आला. खोकल्यातून रक्त पडलं होतं. तिथल्या काचपट्टीवर लाल काड्याच काड्या. गोळ्या सुरू झाल्या, पण फुफ्फुसं तोवर पोखरून गेली होती.

मी भेटायला गेलो तेव्हा तिची सासू माझ्या तोंडावर म्हणाली, "रोग लपवून पोरगी देल्ली तुमी."

बहीण उठून बसली. धाप लागली तरी बोलली, "आई, असं नोका म्हणू. माह्या भावानं सोता तपासलं होतं. तवा काहीच नोहतं."

मी तिच्या उशाशीच होतो. तिला परत आडवं केलं, पांघरूण नीट केलं. चार दिवसांनी ती गेली.