देवळात दिलेली क्षमा

शालूबाईनं भर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, क्षमा केली आणि त्या दिवसापासून तिची जी कोंडी झाली, ती काही केल्या सुटेना.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात तिचा एकुलता एक तिमू बुडाला. नवरा आधीच गेलेला. धाकटा दीर गुंडू पोराला पोहायला शिकवतो म्हणून कोटीतीर्थाच्या तळ्यावर घेऊन गेला, पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला पाण्यात सोडलं, आणि परत आला तो पोराला खांद्यावर टाकूनच.

पुढं प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत मेजावरची भाकर नि द्राक्षरस घ्यायचा रविवार आला. मनात वैर ठेवून या मेजाजवळ येता येणार नाही, असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तशी सगळी मंडळी वळून तिच्याकडे बघायला लागली. सासू, म्हणजे आक्का, पदरात तोंड घालून हुंदके देत होती. थोरला लेक गेला, नातू गेला, आता उरलेला लेक तरी चारचौघांत राहावा, एवढंच म्हातारीला हवं होतं. गुंडू मागच्या भिंतीशी मान खाली घालून उभा. शालूबाई उठली, "केली क्षमा," म्हणाली आणि खाली बसली. भाजीवालीशीसुद्धा माणूस याहून जास्त बोलतं!

झालं. पाळकसाहेबांना प्रवचनासाठी आयता दाखला मिळाला. मिरजेहून पाहुणे आले की ते तिला उभं करून दाखवायचे. गुंडू तर दावणीला बांधल्यासारखा रोज हजर. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर कामाला जाण्याआधी तिचं पाणी भरायचा. ती उंबऱ्याशी बसून चपलांच्या पट्ट्यांसाठी चामड्याच्या वेण्या घालत असायची, हा घागर ठेवून विचारायचा, "वैनी, आणि काय आणू?" त्या आवाजानं तिच्या अंगाची आग व्हायची. पण दार लावून घ्यायची सोय राहिली नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला रडताही येईना. तिमूचा सदरा घेऊन बसली की आक्का म्हणायची, "माफ केलंयस न्हवं? मग आता कशाला जुनं उकरतीस?" जणू क्षमेबरोबर पोरगंही तिनं देऊन टाकलं होतं. त्या दुपारी तळ्यावर नक्की काय झालं, हे विचारायचीसुद्धा चोरी.

अशी वर्षं गेली. गुंडूचं लग्न झालं, मुलगा झाला. बाप्तिस्म्याला बाळ शालूबाईनंच धरायचं, असं त्यानं परस्पर ठरवलं. बाळ धरणाऱ्यानं नाव मोठ्यानं सांगायचं, ही तिथली रीत. आदल्या दिवशी येऊन तो म्हणाला, "वैनी, तिमूचंच नाव ठिवूया. तुमचा तिमू परत आला म्हणायचं." तिला नाही म्हणता आलं नाही. क्षमा केलेल्या बाईला कसलं आलंय नाही म्हणणं!

रविवारी पाळकसाहेबांनी पाण्यात बोटं बुडवली. "बाळाचं नाव?"

शालूबाई बाळाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"ते नाव माझ्या लेकाचं हाय," ती म्हणाली. "मी न्हाय देणार. आणि मी क्षमाबी केलेली न्हाय. तुमी समदी बघत हुता म्हणून बोलले." मग ती गुंडूकडे वळली. "सांग, माझं पोर बुडत हुतं तवा तू कुठं हुतास?"

गुंडू म्हणाला, "वर काठावर पत्ते खेळत हुतो. डबा सुटला. त्यानं 'काका' म्हणून हाक मारली. मला ऐकू आलती, वैनी. वाटलं, चेष्टा करतंय."

आणि शालूबाई रडली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं रडली, मोठ्यानं, लाज न बाळगता. तिच्या हातातलं बाळही रडायला लागलं. पाळकसाहेब पुढं सरसावले तसा गुंडूच म्हणाला, "त्यास्नी रडू द्या."

रडून झाल्यावर तिनं बाळाचं तोंड पदरानं पुसलं आणि त्याला त्याच्या आईच्या हातात दिलं.

"ह्याचं नाव तुमचं तुमी ठिवा," ती म्हणाली. "आणि गुंडू, उद्यापासनं पाणी भराय येऊ नगंस. येशूनं माफ करा म्हटलंय, ते मला करायचंच हाय. पण तू रोज दारात उभा ऱ्हायलास तर माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. काय माफ करायचं, ते आज कुठं मला कळलंय."