बारदान वजा करून

शेर जाऊन किलो नुकते आले होते, तेव्हा मी अकोल्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. कापूस-बाजारातला एक मापारी तिथे यायचा. त्याचं नाव विसरलो, देह नाही. दोन पायऱ्या चढला की भिंत धरून उभा राहायचा. डॉक्टर त्याला म्हणाले, "अमेरिकेत लठ्ठपणावर आतडं आखूड करतात म्हणे. काही दगावतातही. मुंबईला पत्र टाकून विचारतो."

पत्रात वजन हवं होतं आणि आमचा काटा त्याला पुरेना. मग तोच मला बाजारात घेऊन गेला आणि कापसाच्या काट्यावर मांडी घालून बसला. मी आकडा वाचला.

"बारदानाचे दोन किलो कापा, भाऊ," रिकाम्या पोत्याचं वजन कापायच्या सवयीनं तो बोलून गेला. मी हसलो. तो हसला नाही.

"आतडं कापलं तं भूकबी कमी होते का?"

"डॉक्टरांना विचारा."

"इचारलं. त्याईलेबी मालूम नाही." तो काट्यावरून उतरेना. "याच्यात माल किती अन् बारदान किती, हे कापणाऱ्याले कसं समजन, भाऊ?"

मी दवाखान्यात येऊन पत्रात वजन लिहिलं, पाकीट टपालात टाकलं, आणि घरी जाताना लक्षात आलं: मी दोन किलो कापूनच लिहिलं होतं.