अकरा एकांची पाटी

आमचे हे, आनंदराव, गिरणीत सूत तोलणारे. साधा माणूस, बाप्पा. दारू नाई, पत्ते नाई. नाद एकच, आकड्यांचा, अन् तोच आमच्या पोरालेही लावला. नागसेन तेरा वर्षांचा होता. इंदोरा वस्तीतल्या घरी बाप-लेक संध्याकाळी पाटी घेऊन बसत, अन् मी भाकरी थापता थापता ओरडत राहो.

त्यायचा खेळ असा, का नुसते एकाचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे अन् तो आकडा कशानं पुरा भागल्या जाते ते शोधायचं. भाग गेला का म्हणत, आकडा तुटला. एक जोडी-जोडीनं असले तर अकरानं तुटे. तीन असले, नऊ असले तर तीननं. सात एकांनी लई रडवलं, पण नागसेननं दोनशे एकोणचाळीसनं भाग लावला अन् वस्तीभर सांगत फिरला. मग अकरा एक मांडले. तिथंच गाडी अडली.

एक्काहत्तरात त्याले कावीळ झाली. दवाखान्यात नेलं तवा म्हणाला, "बाबा, अकरा एक तुटते का पाहून ठेवजा. मी घरी आलो का सांगजा."

आलाच नाई माहा पोट्टा.

तवापासून हे गिरणीतून आले का पोराची पाटी मांडीवर. एक आकडा घ्यायचा, भागून पाहायचं, बाकी उरली का पुसायचं, पुढचा घ्यायचा. कोणाचं लग्न नाई, मयत नाई, माह्याशी धड बोलणं नाई. मी चिडो, रडो. पोरगा काय एकट्या तुमचाच होता का, असंही बोलली. ते एवढंच म्हणत, "हा तुटला का पाटी ठेवून देतो, इंदू." म्हणून मी त्या मेल्या आकड्याच्या तुटण्याची वाट पाहत राहिली. मले माहा माणूस परत पाहिजे होता.

वर्षं गेली, केस पिकले. अन् एका रविवारी दुपारी बाकी शून्य आली. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग गेला, भागाकार आला पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्यायनं दोन्ही गुणून पाहिले, अकरा एक जसेच्या तसे आले. मग मोठ्यानं रडले. मीही रडली, पण खरं सांगू, मले सुटल्यासारखं वाटलं. त्यायनं पाटी धुतली अन् फडताळात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून आले, अन् पाटी पुन्हा मांडीवर. वर ते दोन आकडे लिहिलेले. माहं डोकंच फिरलं. आता काहून, म्हणून विचारलं.

"आता हे दोन तुटते का ते पाहायचं आहे. नागसेननं विचारलंच असतं."

हो, विचारलंच असतं त्यानं. त्याची आई आहो मी, मले माहीत नाई का? भांडायले तोंड उघडलं होतं, ते मिटलं. हात पदराले पुसले अन् त्यायच्याजवळ चटईवर बसली.

"लहान आकडा मले द्या," म्हटलं. "चौथीपर्यंतचा भागाकार येते मले."

त्यायनं पाटीच्या मधोमध रेघ ओढली अन् पेन्सिल मोडून अर्धी मले देल्ली.