आधी शेवट सांगा

माझ्या थोरल्या काकांनी जन्मात एकही गोष्ट तिचा शेवट आधी विचारून घेतल्याशिवाय सुरू केली नाही. वर्तमानपत्र ते मागच्या पानाकडून वाचत. पानावर बसले की आधी चुलीकडे तोंड करून शेवटी ताक आहे ना याची खात्री करून घेत आणि मगच भाकरीला हात लावत. बैलबाजारात लोक बैलाचे दात बघत, चाल बघत. काका त्या बैलाचा बाप कसा मेला ते विचारत, आणि उत्तर मनासारखं मिळालं नाही तर चांगली देखणी खोंडं सोडून रिकाम्या हाताने घरी येत. एकदा कळसाडीत, म्हणजे आमच्याच गावात, मारुतीच्या पारावर कीर्तन होतं. बुवांनी राजाराणीच्या ताटातुटीचं आख्यान लावलं, गळा नुकता कुठे तापत होता, तेवढ्यात काका उभे राहिले आणि म्हणाले, "बुवा, शेवट गोड शे ना?" बुवांनी आठ्या घालून मान हलवली. "मंग सांगा सावकाश," म्हणत काका खाली बसले, आणि पुढे राणी वनात रडत हिंडू लागली तेव्हा आजूबाजूच्या माणसांना "भेटतीन ते, भेटतीन," असा धीर देत राहिले. ते बुवा पुन्हा काही आमच्या गावी आले नाहीत.

माझ्या लग्नाची गोष्ट निघेपर्यंत आम्हीही हे हसण्यावारी नेत होतो. नंदुरबारहून एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता, स्टेशनात खिडकीशी बसून तिकिटं देई. मला बघायला आला तेव्हा गरम चहाने त्याची जीभ भाजली आणि सगळ्यांच्या देखत तो स्वतःलाच हसला. तेवढ्यावर मला तो आवडला. आता या वयात लपवून काय करायचं? आईवडिलांना पसंत होता, पण घरात शब्द चाले तो काकांचा. काकांनी मध्यस्थाला विचारलं, "पोऱ्या चांगला शे, पन पुढे काय व्हई?" तो बिचारा म्हणाला, "जिभाऊ, ते कोन्ही सांगू शकस का?" "मंग दखूत," काका म्हणाले. हे 'दखूत', म्हणजे 'बघू', चार महिने चाललं. अखेर नंदुरबारहून निरोप आला की येत्या पुनवेपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. पुनवेला पाच दिवस उरले होते आणि माझी भूक गेली होती.

काकांचा राग यायचा, पण पुरता येत नसे. धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आत्याचं लग्न त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, एका बैठकीत, हसतखेळत. दोन वर्षांत ती पांढऱ्या कपाळाने परत आली आणि आमच्याकडेच राहिली. त्याआधी काका तापीच्या पुरात खोली न बघता उडी घेणारे होते, असं आई सांगे. त्यानंतर मात्र त्यांना ही खोड जडली. आत्या कधी कुरकुरली नाही. मान खाली घालून घरातलं ओढायची. मी तिला मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात लोणखेड्याच्या शिवारात तंबूतला सिनेमा आला. लढाई नुकती संपली होती, लोक करमणुकीला वखवखले होते, आणि हा बोलपट हिंदी असून भारी हसवतो अशी दवंडी फिरत होती. माझं उतरलेलं तोंड बघून आत्याने हट्ट धरला की पोरीला घेऊन जाऊ. काका एरवी सिनेमाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जात, कोणा बघून आलेल्याकडून शेवट काढून घेऊन. या वेळी पहिल्याच दिवशी गाडी जुंपली, कारण तंबूवाला तरी सांगेलच असा त्यांचा हिशेब होता. दिवस मावळताना आम्ही पोचलो. तंबूचे मालक नंदुरबारचे एक वयस्क मियाँ होते. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला. मियाँ म्हणाले, "चाचा, फिल्म की पेटी आज ही स्टेशन पर उतरी है. मैंने भी नहीं देखा." काका तिथूनच माघारी वळले. पण आत्या तोवर मला ओढत कनातीपलीकडे, बायकांच्या बाजूला जाऊन बसली होती, आणि बायकांत शिरून आम्हाला बाहेर काढणं काही शक्य नव्हतं. काका नाइलाजाने पुरुषांच्या बाजूला बसले.

गोष्ट अगदी साधी होती. नायक चुकून भलत्याच बंगल्यात पाहुणा म्हणून जातो. त्या घरच्या मुलीला त्याची चूक कळते, पण मजा वाटते म्हणून ती सांगत नाही. काकांना हे सोसवेना. कनातीपलीकडून त्यांचा आवाज येऊ लागला: "आरे, तठे नको लपू, तिना बाप तठेच ई ऱ्हायना!" लोक सिनेमाला हसत होते की काकांना, देव जाणे. मग बाप कपाट उघडतो आणि आत नायक बायकी लुगडं गुंडाळून उभा, असा प्रसंग आला, आणि माझ्या शेजारी आत्या हसायला लागली. पदर तोंडाला लावून नव्हे, मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचा तो मोठा, घोगरा आवाज सगळ्या तंबूत गेला. काकांची बडबड एकदम थांबली.

पुढे बापाने मुलीचा हात नायकाच्या हातात दिला तेव्हा, नंतर कळलं, काकांनी खिशातला गूळ आणि शेंगा काढून आजूबाजूला वाटल्या. आमच्याकडे सोयरीक जमली की गूळ वाटतात. एका अनोळखी गड्याने तो घेताना विचारलं की मुलगी तुमच्या नात्यातली का.

परतताना काका गाडी हाकत होते. अर्ध्या वाटेवर मागे न बघता म्हणाले, "बाई, तूच हासनी ना?"

"हासनू ना, भाऊ," आत्या म्हणाली. मग तिने पुढे सांगितलं, "मन्हा घरना मानूस बी असाच व्हता. माले भलता हासाडे. मन्हा ते दोन वरीस गोड गयात. तू माले कधी इचारंच नही."

बैल आपल्या मनाने चालत राहिले. काकांनी कासरा मांडीवर टाकला होता आणि उपरण्याने तोंड पुसत होते. घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "सकायले नंदुरबारले निरोप धाडा. म्हना, पोर देवानी शे." मुलगी द्यायची ठरली. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तसा माझा उतरला आणि मी गाडीतल्या कडब्यात तोंड खुपसून रडले. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत होती.

लग्नानंतर मी माहेरी आले की पाय धुवायच्या आत काका मला ओट्यावर बसवून घेत. काय रांधतेस, कोणती गाडी उशिरा आली, नवऱ्याशी कशावरून भांडलीस, परवा कशाला हसलात, असं बारीकसारीक सगळं विचारत आणि आत्यालाही हाक मारून शेजारी बसवत. आता ती दोघंही नाहीत. मी माहेरी गेले की अजून थोडा वेळ ओट्यावर बसते. जाता-येता घरातले "बरी आहेस ना?" म्हणतात, मी "बरी आहे" म्हणते, आणि ते आपापल्या कामाला जातात.