बिनखिशाचा सदरा

काल एका मोठ्या दुकानात बिल करणाऱ्या मुलीने पेन कानामागे खोचले. मी संकोचतच विचारले, "खिसा नाही का?"

"आमच्या ड्रेसला खिसे शिवतच नाहीत, काका. पैसे कमी भरले तर संशय आमच्यावरच ना!" ती हसली. मला मात्र शांतारामभाऊ आठवले.

कोऱ्या कापडाच्या वासाने भरलेल्या आमच्या दुकानात ते गल्ल्यावर बसत. एका वर्षी गल्ल्यात रोज थोडे पैसे कमी येऊ लागले. वडिलांनी आरोप केला नाही. एकदाच त्यांच्या खिशाकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून शांतारामभाऊ बिनखिशाच्या सदऱ्यात येऊ लागले.

दिवाळीच्या साफसफाईत लक्ष्मीची तसबीर उतरवली, तेव्हा मागून नोटा खाली पडल्या. भवानीची, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीची नोट वडील तसबिरीला लावून तिच्यामागे खोचत, आणि दुकान बंद करताना काढायला विसरत.

माफी मागणे वडिलांना जमले नाही. त्यांनी ताग्यांतले सर्वांत उंची कापड फाडले. "शांतारामभाऊ, यंदाचा सदरा माझ्याकडून. खिसा मात्र शिवून घ्या."

"दोन शिवतो की, शेठ," भाऊ म्हणाले, आणि दोघेही, बहुधा सुटकेने, हसले.

तो सदरा त्यांनी विरेपर्यंत वापरला. त्याला खरेच दोन खिसे होते. पण दुकानात असेपर्यंत त्यांचा निळ्या किनारीचा रुमाल मी नेहमी त्यांच्या हातातच पाहिला.